मिस्टर 'पॉझिटिव्ह' झाले आणि घरात ईएमआयचं नाव काढता येईना: सेल्फ-हेल्पचं कौतुक करायचं की संशय घ्यायचा?

प्रश्न बराच लांब होता, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. एका ताईंचे मिस्टर दीड-दोन वर्षांपासून सेल्फ-हेल्पची पुस्तकं, पॉडकास्ट आणि आता वर्कशॉप ह्यात पूर्ण बुडालेत. ह्यातून त्यांची बारा वर्षांची सिगरेट सुटली (ऑफिसच्या टपरीसमोरून जाणं बंद केलं, मागच्या गेटने यायला लागले, चार वाजताच्या चहाऐवजी ताक, मित्रांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं), सकाळी चालायला जातात, मुलाला वेळ देतात. आणि ह्यातूनच 'मनी मॅनिफेस्टेशन'चं (म्हणजे मनापासून मागितलं की विश्व पैसा देतं म्हणे) ४५ हजारांचं वर्कशॉप क्रेडिट कार्डवर झालं, कपाटाच्या दारावर व्हिजन बोर्ड (हव्या असलेल्या गोष्टींची चित्रं चिकटवलेला फळा) आला, सकाळी आरशासमोर "पैसा माझ्याकडे वाहत येतोय" सुरू झालं, होम लोनचा हप्ता दोनदा बाउन्स झाला आणि तो विषय काढला की "तू निगेटिव्ह एनर्जी आणतेस". सासूबाईंना बीपीच्या गोळ्यांबद्दलही "आई, मी आजारी आहे असं म्हणणंच सोड" असं चाललंय. ताईंचा भाऊ म्हणतो सगळं थोतांड आहे. तर हे सगळं चांगलं समजायचं की वाईट, असं त्यांनी विचारलंय.

मी पुण्यात समुपदेशक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते, बरीच वर्षं झाली, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी येण्याआधी दहा-बारा सेल्फ-हेल्पची पुस्तकं वाचलेली असतात, त्यामुळे हा विषय जवळचा आहे. ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर पडलंय, फक्त ते दोन वेगळ्या वाक्यांत आहे. सिगरेट कशी सुटली ते तुम्ही कंसात लिहिलंय. गेट बदललं, चहा बदलला, चारचौघांत सांगून टाकलं. आणि कर्जाच्या बाबतीत काय केलं? बोर्ड लावला आणि आरशासमोर वाक्य म्हटलं. माणूस तोच, श्रद्धा तीच, पुस्तकंही बहुतेक तीच, पण पहिल्या ठिकाणी त्यांनी अडचण कुठे येणार हे आधीच बघितलं (टपरी, चहाची वेळ, मित्र) आणि तिच्यासाठी काहीतरी ठरवलं, दुसऱ्या ठिकाणी अडचणीचं नाव घ्यायलाच बंदी केली. सेल्फ-हेल्पबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, की जो सल्ला अडचणीकडे बघायला लावतो तो घ्या, जो अडचण दिसू देत नाही तो सोडून द्या, मग तो कितीही मोठ्या माणसाने दिलेला असो.

हे मी माझ्या मनाने म्हणत नाहीये, ह्यावर चांगलं संशोधन आहे. गॅब्रिएल ओटिंगेन म्हणून एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि थॉमस वॉडेन यांनी १९९१ साली वजन कमी करायच्या एका कार्यक्रमातल्या २५ बायकांचा अभ्यास छापला. सुरुवातीलाच दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या: एक म्हणजे "मला हे जमेल असं वाटतं का", आणि दुसरी म्हणजे "बारीक झाल्याचं चित्र तुम्ही किती गोड रंगवता". वर्षभराने बघितलं तर "जमेल" असं वाटणाऱ्यांचं वजन, न वाटणाऱ्यांपेक्षा साधारण १२ किलो जास्त उतरलं होतं. म्हणजे पॉझिटिव्ह विचाराचा विजय, बरोबर? थांबा. ज्या बायका बारीक झाल्याची सुंदर स्वप्नं रंगवत होत्या त्यांचं मात्र, कमी गोड चित्रं रंगवणाऱ्यांपेक्षा साधारण ११ किलो कमी उतरलं. "मला जमेल" असा अंदाज आणि "जमलंसुद्धा" असं स्वप्न ह्या दोन गोष्टी दिसायला सारख्या आहेत आणि परिणाम एकदम उलटे. पंचवीस बायकांचा अभ्यास छोटा आहे हे मान्य, पण पुढे त्यांच्याच टीमला नोकरी शोधणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांमध्येही हेच दिसलं, की नोकरी मिळाल्याची छान छान चित्रं जास्त बघणाऱ्यांना दोन वर्षांनी ऑफर कमी आल्या होत्या आणि पगारही कमी होता, खुब्याच्या ऑपरेशननंतर सावरणाऱ्या पेशंटमध्येही तसंच.

असं का होतं? आपल्याकडे मनातल्या मनात मांडे खाणं म्हणतात ना, त्यात खरंच थोडं पोट भरतं, हाच प्रॉब्लेम आहे. २०११ मध्ये ह्याच गटाने प्रयोगात बघितलं की सुंदर भविष्य रंगवून झाल्यावर लोकांचा वरचा बीपी थोडा खाली येतो, शरीर सैल पडतं, काम झाल्यासारखं. म्हणून व्हिजन बोर्डासमोर उभं राहून खूप बरं वाटतं हे खरं आहे, तुमचे मिस्टर खोटं सांगत नाहीयेत, फक्त ते बरं वाटणं कामाच्या आधीच खर्च होतंय. रात्रभर झोप न लागणाऱ्या माणसाला मी स्वतः सांगते की छान जागेचं चित्र डोळ्यासमोर आणा, तिथे सैल पडणंच हवं असतं. हप्ता भरायला सैल पडून कसं चालेल.

स्पर्धा परीक्षावाली मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक. १९९९ मध्ये अमेरिकेत फाम आणि टेलर ह्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेआधी रोज काही मिनिटं कल्पना करायला सांगितली, एका गटाला मार्कलिस्ट लागलीये, नाव वर आहे, मी खूश आहे असं चित्र, आणि दुसऱ्या गटाला मी टेबलाशी बसलेय, पुस्तक उघडलंय, टीव्ही बंद केलाय, नोट्स काढतेय असं चित्र. दुसऱ्या गटाने लवकर अभ्यासाला सुरुवात केली आणि मार्कही चांगले पडले. निकाल बघणाऱ्यांचे मार्क उलट खाली गेले. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्यांत भिंतीवर 'भावी उपजिल्हाधिकारी' अशी पाटी लावल्याचं मी अनेकदा ऐकलंय, पाटीला माझी हरकत नाही, पण पाटीच्या शेजारी "सकाळी साडेसहाला राज्यघटना, फोन खालच्या काकूंकडे" अशीही चिठ्ठी पाहिजे, आणि दोन्हीतली एकच लावायची जागा असेल तर चिठ्ठी लावा.

ओटिंगेन बाईंनी ह्यावर जी पद्धत काढली ती मी रोज वापरते. आधी काय हवंय ते ठरवा, मग ते झालं तर सगळ्यात चांगलं काय होईल ते मनापासून बघा (हो, इथे स्वप्न बघायचंच आहे), आणि लगेच त्याच बैठकीत, माझ्या आतली कुठली गोष्ट आडवी येणार आहे ते बघा, आणि शेवटी त्या गोष्टीसाठी एक "जर-तर" वाक्य करा. हे जर-तर वाक्य पीटर गोलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञांचं काम आहे. २००६ साली ९४ अभ्यास एकत्र करून त्यांनी आणि पास्कल शीरन ह्यांनी दाखवलं की नुसता निश्चय करण्यापेक्षा "अमुक वेळ आली की मी तमुक करणार" असं ठरवलेल्या लोकांचं काम पार पडायचं प्रमाण चांगलंच वाढतं. मानसशास्त्रात मध्यम ते मोठा म्हणता येईल असा परिणाम आहे, आणि फुकट आहे.

तुमच्या घरात हे कसं दिसेल ते सांगते. हवंय काय: सहा महिने एकही हप्ता बाउन्स न होणं. झालं तर काय: बँकेचा फोन वाजला की पोटात गोळा येणार नाही, नवरा-बायको रविवारी भांडणार नाही, हे नीट दोन मिनिटं बघा दोघांनी. आडवं काय येतं: इथे मिस्टरांना बोलू द्या, तुम्ही सांगू नका, बहुतेक ते "पाच तारखेला हप्ता असतो आणि पैसे दहाला येतात" किंवा "खात्यात किती आहेत ते बघायची मला भीती वाटते" असं काहीतरी म्हणतील. दुसरं म्हणाले तर फारच चांगलं, कारण माझ्या अनुभवात 'पैसा वाहत येतोय' म्हणणारी अर्धी मंडळी बँकेचं ॲप उघडायला घाबरत असतात. मग वाक्य: "एक तारीख आली की ऑफिसला निघायच्या आधी मी ॲप उघडून बॅलन्स बायकोला दाखवणार." बस. ह्यात विश्वाला काही मागायचं नाही, आणि हे त्यांनी सिगरेटच्या वेळी आपणहून केलेलंच आहे, त्यामुळे "तुम्ही टपरीचं जसं केलंत तसंच" एवढं म्हणालात तरी त्यांना कळेल. ह्याने त्यांचा मान पण राहतो, ते जास्त महत्त्वाचं.

आता आरशासमोरची वाक्यं. ही काही नवीन फॅशन नाहीये. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या नान्सी गावात एमिल कुए नावाच्या फार्मासिस्टने "दिवसेंदिवस सगळ्या बाबतीत मी अधिकाधिक बरा होत चाललोय" हे वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणायला सांगितलं होतं, मोजायला वीस गाठींची दोरी, म्हणजे आपली जपमाळच, आणि १९२०च्या दशकात युरोप-अमेरिकेत त्याची प्रचंड क्रेझ होती. मग ती ओसरली, आणि थोड्या थोड्या वर्षांनी वेगळ्या कव्हरमध्ये परत येत राहिली.

ही वाक्यं चालतात का? २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांनी "मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे" अशा अर्थाचं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना जरासं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल वाईट वाटत होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी ही वाक्यं लिहिलेली असतात, त्यांना आणखी वाईट वाटलं. माझ्या समोरच्या खुर्चीत हे मी कितीदा पाहिलंय, माणूस मोठ्याने म्हणतो "मी यशस्वी आहे" आणि आतून लगेच उत्तर येतं "गप रे, गेल्या महिन्यात मेहुण्याकडून उसने घेतलेस". जितकं मोठं वाक्य तितकं आतलं उत्तर जोरात. ह्याच संशोधनात एक कमी प्रसिद्ध गोष्ट आहे, ती मला जास्त आवडते: अशा लोकांना "हे वाक्य किती खरं आहे आणि किती खरं नाही, दोन्हीचा विचार करा" अशी मुभा दिली तेव्हा फक्त 'खरं आहे' वरच लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा त्यांची अवस्था बरी होती.

ह्याच कारणाने मी आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धतीकडे गेले. अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती १९५५च्या सुमारास मांडली, मराठी माणसांपर्यंत ती पोचली त्यात मुंबईच्या कि. मो. फडके सरांचा मोठा वाटा आहे, ठाण्याच्या आयपीएच ह्या मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णींनीही ती खूप लोकांपर्यंत नेली. ह्यात "मला प्रमोशन मिळणारच" असं म्हणायला कोणी सांगत नाही. "मिळालंच पाहिजे, नाहीतर मी कचरा" ह्या वाक्याच्या जागी "मिळावं अशी माझी फार इच्छा आहे, त्यासाठी झटणार, नाही मिळालं तर वाईट वाटेल, पण मी संपत नाही" हे आणायचं असतं. आरशासमोर म्हणायला जरा लांबलचक आहे, पोस्टरवर तर मावणारच नाही, पण आतून कोणी "गप रे" म्हणत नाही कारण ह्यात खोटं काही नाहीये. एलिस स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला भयंकर लाजायचे, तर १९व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या शंभरेक बायकांशी महिनाभरात जाऊन बोलायचं ठरवलं आणि बोलले. एकच भेटायला तयार झाली आणि ती पण आली नाही! पण शंभर नकार पचल्यावर लाजणं गेलं. आता ह्याला काय म्हणायचं, शुद्ध सेल्फ-हेल्पच की, कुणाच्या मदतीशिवाय केलेलं. फक्त ह्यात "सगळ्या माझ्याकडे आकर्षित होतायत" असं वाक्य कुठे नव्हतं. (हा प्रयोग आजच्या बागेत करू नका बरं का, पोलीस येतील.)

घरातल्या "निगेटिव्ह बोलायचं नाही" ह्या नियमाकडे येते, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती ह्याची, ४५ हजारांची नाही. आपल्याला हा नियम ओळखीचा वाटतो म्हणून पटकन घरात शिरतो, 'वास्तू तथास्तु म्हणते' म्हणून आजीने आपल्याला गप्प केलेलंच असतं, 'शुभ बोल नाऱ्या'वर आपण वाढलोय. पण आजी दिवेलागणीला तेवढं म्हणायची, सकाळी उधारीचा हिशोब बोट घालून घालून तीच करायची. आताच्या नियमात हिशोबच निगेटिव्ह ठरतो. आणि त्याहून वाईट म्हणजे ह्या विचारात अपयशाचं बिल कोणाच्या नावावर फाटतं ते बघा. पैसे आले तर विश्वाने दिले, नाही आले तर तुमची श्रद्धा कमी पडली, किंवा बायकोने एनर्जी बिघडवली. ह्यातून पद्धत चुकली असं कधी सिद्धच होऊ शकत नाही, आणि जी गोष्ट कधीच चुकू शकत नाही तिच्यापासून शिकता पण येत नाही.

ह्याची सगळ्यात क्रूर बाजू मी कॅन्सर पेशंटमध्ये बघते. नातेवाईक प्रेमाने म्हणतात "पॉझिटिव्ह राहा, अर्धी लढाई तिथेच जिंकली", आणि आजार परत आला की पेशंट मला विचारते, मॅडम मी त्या आठवड्यात खूप रडले होते म्हणून तर नाही ना झालं? जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटचा डेटा तपासला होता, त्यात मानसिक अवस्था चांगली असण्याचा आणि जास्त जगण्याचा काही संबंध सापडला नाही. मी हे पेशंटला सांगते तेव्हा बहुतेकांचे खांदे खाली येतात, हुश्श होतं. मन चांगलं ठेवल्याने दिवस बरे जातात, ट्रीटमेंट नीट पूर्ण होते, माणसं जवळ राहतात, ह्याला माझा शंभर टक्के पाठिंबा, पण रडल्याने गाठ वाढत नाही हो. आणि सासूबाईंच्या गोळ्या चालू राहतील हे आजच्या आज पक्कं करा, बीपी वाढलेलं बहुतेक वेळा जाणवतच नाही त्यामुळे "मला तर मस्त वाटतंय" ह्याला तिथे काहीच किंमत नाही, मशीन काय म्हणतंय तेच बघायचं. ह्या मुद्द्यावर मिस्टरांशी वाद घालू नका, सरळ सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि डॉक्टरांना बोलू द्या.

एक बाजूला सांगून ठेवते. वर्कशॉपनंतर "आता आमच्या टीममध्ये या, खाली माणसं जोडा" असं काही आलं तर तिथेच ब्रेक मारा. मोटिव्हेशनचे हॉल आणि साखळी मार्केटिंग ह्यांचं नातं उगाच नाहीये, जिथे खालच्या फळीतल्या बहुतेकांना पैसे मिळणं गणितातच बसत नाही तिथे "तुमचा ॲटिट्यूड कमी पडला" हे वाक्य धंद्याला लागतंच, नाहीतर लोक कंपनीला जाब विचारतील. २०२१च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनी पिरॅमिड स्कीमला आपल्याकडे बंदी आहे, तरी नाव बदलून येतात.

आता तुमच्या भावाबद्दल. थोतांड म्हणणाऱ्यांकडे दारूगोळा भरपूर आहे हे खरं. २००५ मध्ये मानसशास्त्राच्या एका नावाजलेल्या जर्नलमध्ये आलं होतं की सुखी-समाधानी माणसात पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह भावनांचं प्रमाण २.९०१३ च्या वर असतं, चार दशांश स्थळांपर्यंत! जगभर ट्रेनरांनी ते स्लाइडवर लावलं. २०१३ मध्ये निक ब्राऊन नावाच्या, मोठ्या वयात मास्टर्स करणाऱ्या एका विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल ह्यांना बरोबर घेऊन दाखवून दिलं की त्यामागचं गणितच पोकळ आहे. दोन मिनिटं सुपरहिरोसारखं उभं राहिलं की हार्मोन बदलतात हा २०१०चा शोध, त्याच्या मुख्य लेखिकेनेच २०१६ मध्ये सांगितलं की माझा आता ह्यावर विश्वास नाही. ग्रोथ माइंडसेटचं (म्हणजे मेहनतीने बुद्धी वाढते असं मानण्याचं) तसं नाही, ते टिकलं, पण लहान होऊन टिकलं, अमेरिकेतल्या १२ हजारांहून जास्त नववीच्या मुलांवर केलेल्या २०१९च्या मोठ्या प्रयोगात मागे पडणाऱ्या मुलांचे ग्रेड सरासरी ०.१ पॉइंटने वाढले. तासाभराच्या ऑनलाइन धड्याला वाईट नाही, पण मंचावरून जे सांगतात त्याच्या जवळपाससुद्धा नाही.

पण भावाला एक विचारा, की मग माणसाने करायचं काय? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आलं होतं की आपल्याकडे डिप्रेशन, चिंता असे नेहमीचे त्रास असलेल्यांपैकी साधारण ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. माझ्यासारखीची एका तासाची फी शहरात हजार-दीड हजारांच्या खाली क्वचित असते, तालुक्याच्या गावाला तर माणूसच नाही. तिथे एसटी स्टँडवर दीडशे रुपयांत मिळणारं पुस्तक घेऊन कोणी स्वतःला सावरायला बघत असेल तर मी त्याला हसणार नाही, आणि जो हसतो त्याला बहुतेक कधी गरज पडलेली नसते. शिवाय काही पुस्तकं खरंच उपचाराच्या जवळ जातात. डेव्हिड बर्न्स ह्यांच्या १९८०च्या 'फीलिंग गुड' ह्या पुस्तकावर (सीबीटीवरचं, म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करायची उपचारपद्धत) फॉरेस्ट स्कोगिन वगैरेंनी नीट प्रयोग केले, ते वाचून आणि त्यातला गृहपाठ करून सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये खरोखर फरक पडला. इंग्लंडमध्ये तर २०१३ पासून 'रीडिंग वेल' योजनेत डॉक्टर अशी पुस्तकं सुचवतात आणि ती लायब्ररीत मिळतात. ही पुस्तकं ओळखायची कशी? कंटाळवाणी असतात. तक्ते असतात, रकाने भरायला लावतात, "पुढच्या आठवड्यात हे करून बघा आणि लिहा" असं असतं. आपण तेच पान उलटून पुढे जातो आणि मग म्हणतो पुस्तकाने काही झालं नाही.

आणि सगळ्यात मोठं सेल्फ-हेल्प म्हणजे माझ्या मते एए, अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुड्यांनी सुरू केलं, ना फी, ना गुरू, ना स्टेज. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथून बाहेर पडलेले कितीतरी जण ह्या मीटिंगांच्या जोरावर टिकून राहिलेत. कॉक्रेन ह्या वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात पूर्ण दारू सोडण्याच्या बाबतीत एएला धरून केलेले उपचार बाकीच्या प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा काही बाबतीत पुढे निघाले. आणि गंमत बघा, तिथली पहिली पायरी काय, तर दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करणं. तुमच्या मिस्टरांच्या ट्रेनरच्या हिशोबाने ह्याहून निगेटिव्ह वाक्य नसेल!

तर मिस्टरांशी बोलताना पुस्तकांवर हल्ला करू नका, व्हिजन बोर्ड काढायला लावू नका, कुठेतरी एकटेपणाला, कमीपणाच्या भावनेला त्यातून आधार मिळालाय, तो ओढून घेतला तर ते अजून घट्ट धरतील. त्यापेक्षा बोर्डच्या बाजूला एक कागद लावायची परवानगी मागा, "आडवं काय येतंय" एवढाच मथळा. आणि एक नियम दोघांनी मिळून: कर्ज काढून किंवा कार्डावर कुठलाही कोर्स नाही, वर्षाला ठराविक रक्कम, ती आधी बाजूला काढायची. कोच निवडायचाच असेल तर शिक्षण काय आणि कुठे हे सरळ विचारायचं. आपल्याकडे लाइफ कोच म्हणवून घ्यायला कुठलंही लायसन्स लागत नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असते आणि ती ऑनलाइन बघता येते.

एका गोष्टीवर मात्र डोळा ठेवा. उत्साह वाढताना झोप कमी झालीये का, म्हणजे तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बोलणं भराभर, एका दिवसात पाच बिझनेस, खर्च सुटलेला, मध्येच भयंकर चिडचिड, असं आठवडाभर सलग दिसलं तर ते पॉझिटिव्ह थिंकिंग नसून बायपोलरमधला मॅनिया असू शकतो, त्याला सायकियाट्रिस्ट लागतो, पुस्तक नाही. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, सकाळी चालणं आणि मुलाबरोबर बसणं चालू आहे, पण विचारून ठेवते. उलट बाजूने, दिवसभर "मस्त, एकदम मस्त" म्हणणारा माणूस रात्री गच्चीत एकटा बसायला लागला, जेवण कमी झालं, "माझ्या नंतर तुम्हाला त्रास नको" असलं काही बोलला, तर तेव्हा तर्क करत बसू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, फोन तुम्ही पण करू शकता.

आणि कार्डावरची ती ४५ हजारांची बाकी मिनिमम ड्यू भरत बसून ओढू नका, वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या आसपास व्याज पडतं त्याला. भिशी किंवा एफडी मोडून का होईना ती आधी बंद करा, मग हप्त्याच्या तारखेबद्दल बँकेत दोघं मिळून जा, पगाराच्या तारखेनुसार हप्त्याची तारीख बदलून मिळते का ते विचारा, बऱ्याच बँका अर्ज दिला की करून देतात.